टेप दोन्ही बाजूंनी सारखीच

क्वात्र बॉर्न,
शनिवार, २ जुलै १९७७

चि. विद्यावतीस बाबांचा आशीर्वाद, आणि नव्या पाहुणीच्या दोन्ही गालांना एकेक मुका. माझ्या वतीने तूच दे, पण एकाच गालाला दोन देऊ नकोस.

जयदेवरावांची तार मिळाली. "मुलगी झाली, दोघी ठीक." पोलीस खात्यातला माणूस आणि इतकी अपुरी नोंद! वजन नाही, लांबी नाही. मी झबली कोणत्या मापाची शिवू? छाती, बाही आणि मानेपासून टाचेपर्यंतची लांबी इंचांत कळव. दोरी लावून मोज, डोळ्यांनी मोजू नकोस. डोळ्यांनी मोजलेले कपडे कसे बसतात ते बाजारात रोज बघतो मी.

तार आली तेव्हा तुझी कुंतीआत्या तिच्या गावाहून, ग्रां बुआहून, भाजी घेऊन आलेली होती. मी वाचून दाखवली. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "राध्या, आता बोलते. नवस हाय."

तू दोन वेळा इस्पितळातून रिकाम्या हातांनी परत आलीस. दुसऱ्या वेळी तिने गणपतीला सांगितलं होतं : देवा, पोर जगलं, तर त्याच्या पहिल्या चतुर्थीला तू त्याच्या घरी बसायचंस. मूर्तीची माती ग्रां बुआच्या ओढ्याची आणि घडवणारे हात आपल्याच घरचे. एकदा उचलल्यावर वाटेत कुठे टेकायचं नाही, आणि उचलल्या दिवशीच, बाराच्या आत, पाटावर. तोवर पोराचं नाव ठेवायचं नाही. नवस फळेपर्यंत बोलू नये म्हणून ती दोन वर्षं गप्प राहिली. कुंतीताई, आणि दोन वर्षं गप्प! यावरून नवस केवढा ते तूच ओळख.

आता अडचण बघ. ती नवस बोलली तेव्हा तुम्ही इथेच, लालमतीला राहत होता. जयदेवरावांची बदली रॉद्रिग बेटावर होईल, देवाच्या वाटेत समुद्र येईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. बोटीला दीड दिवस लागतो. म्हणजे देवाचा वाटेत मुक्काम झाला आणि नवस मोडला. ताई रडकुंडीला आली. "आता गं काय करू? पोरीचं नाव कवा ठेवायचं?" मी म्हटलं, "थांब. रडायच्या आधी मोजायचं असतं."

आपले लोक जमतात त्या बैठकेच्या खोलीत, मराठीच्या वर्गात, मोठा नकाशा आहे ना, तो खाली उतरवला. आपल्या प्लेजांसच्या विमानतळावर एक टाचणी, तुमच्या प्लेन कोरायच्या विमानतळावर दुसरी. मधे रेशमी दोरा ताणला आणि नकाशाखालच्या पट्टीवर धरला. पाचशे अठ्ठ्याण्णव किलोमीटर. लोक सहाशे म्हणतात. म्हणोत. शिंपी दोन किलोमीटर सोडत नाही. मग विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन वेग विचारला. तासाला दोनशे नव्वद. भागाकार केला, दोन तास चार मिनिटं.

देवाला दोन तास चार मिनिटं मांडीवर धरायचं, बस्स! बोटीच्या दीड दिवसाचा मी दोन तासांत निकाल लावला.

चतुर्थी सोळा सप्टेंबरला, शुक्रवारी. त्या दिवशी सकाळी साडेआठचं विमान आहे. साडेदहाच्या सुमारास मी उतरेन. तुमच्याकडे पावणेअकराची बस आहे ती धरू. साडेअकराला गणपती पाटावर आणि नातीला नाव! विमान लहान आहे, त्यामुळे एकाच तिकिटाची सोय होते आहे. तेव्हा मीच येतो.

तुझा,
बाबा

*

पोर्ट मॅथुरिन,
१६ जुलै १९७७

ती. बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी रडले, जयदेव हसले आणि तुमची नात झोपली. आत्याने एवढं पोटात ठेवलं आणि मला कळूही दिलं नाही! आई गेल्यापासून माझी वेणी घालताना जगातलं सगळं बोलणारी माझी आत्या. तिला सांगा, पोरीला आम्ही नुसतं "बाय" म्हणतो. दवाखान्याच्या कार्डावर सुद्धा नावाची जागा कोरी आहे. नर्स दर खेपेला विचारते आणि मी दर खेपेला म्हणते, सप्टेंबर.

छाती चौदा इंच, बाही सहा, मानेपासून टाचेपर्यंत सतरा. दोरीनेच मोजलं. ती दोरी तिने तोंडात घातली, त्यामुळे अर्धा इंच इकडेतिकडे.

बाबा, दोनतीन गोष्टी आहेत. रागावू नका.

आमच्या शेजारी मादाम सोलांजचं दुकान आहे. विमानाचा वैमानिक तिथे लिमोनाद प्यायला येतो. तो म्हणतो, तिकडून इकडे येताना वारा समोरून असतो, आणि सप्टेंबरात तर फारच. यायला अडीच तासांच्या जवळपास लागतात, जायला दोनच्या आत. म्हणजे पावणेअकराची बस मिळायची नाही, आणि त्यानंतरची थेट बाराला आहे.

दुसरं, विमान लहान आहे आणि सगळं तोलून घेतात. भार कमी ठेवा.

तिसरं म्हणजे, आत्या का येत नाही? नवस तर तिचा आहे.

विद्या

*

क्वात्र बॉर्न,
६ ऑगस्ट १९७७

चि. विद्यावतीस आशीर्वाद. चार झबली वेगळी पाठवतो आहे. बाही मुद्दाम सव्वासहा ठेवली आहे, कारण मूल वाढतं.

वाऱ्याचं म्हणशील तर तुझ्या वैमानिकाला माझा नमस्कार सांग, आणि त्याला म्हणावं लिमोनाद कमी पी. अगं, क्वात्र बॉर्नहून क्युरपीपला जाताना बस हळू जाते आणि येताना वेगाने, कारण रस्ता चढाचा आहे. हे मला कळतं. समुद्रावर चढ कुठून आला? टेप या टोकाकडून वाच की त्या टोकाकडून, दोन्ही बाजूंनी सारखीच. पाचशे अठ्ठ्याण्णव जाताना, पाचशे अठ्ठ्याण्णव येताना. वाऱ्याने अंतर वाढत असतं तर जोराच्या वाऱ्यात माझ्या गिऱ्हाइकांच्या विजारी लांब झाल्या असत्या. पावणेअकराची बस धरायची, हे पक्कं.

वजनाची सूचना मात्र तू फार चांगली केलीस. तिच्यावर मी कसून काम केलं.

पहिली मूर्ती ताईने केली ती साडेसहा किलो भरली. मी म्हटलं, चालणार नाही, आतून पोकळ कर. ती म्हणाली, "देवाचं पोट पोकळ? मोदक कुठं ठेवायचे?" शेवटी पाठीमागून बोटभर बोटभर माती काढत काढत पाच किलोवर आणली. मग मी म्हटलं, उंदीर वेगळा कशाला, पायाशीच चिकटव. पाट लाकडाचा नको, तुमच्याकडे असेलच. मुकुटाची उंची पाऊण इंच कमी केली. ती चिडून म्हणाली, "आता सोंड पन काप!" पण काल बाजारात भाजीवाल्याच्या तराजूवर तोलली तर बरोब्बर चार किलो! माझी पिशवी म्हणजे एक धोतर, एक सदरा, नातीचं कुंचडं आणि पंचांग. सव्वा किलो. वाटेत वाचायला एक पुस्तक घेतलं होतं, तेही काढून ठेवलं. कंपनीने असा काटेकोर उतारू पाहिला नसेल.

ताईबद्दल विचारलंस. तिचे गुडघे दुखतात. शिवाय ती कधी बोटीतही बसलेली नाही. विमानात घाबरली आणि मूर्ती हातातून सुटली तर? तिकीट काढून झालं आहे, माझ्याच नावाचं.

बाबा

*

पोर्ट मॅथुरिन,
२७ ऑगस्ट १९७७

ती. बाबांना नमस्कार.

झबली बेताची बसली. सव्वासहाची बाही आता बरोबर मनगटावर येते, म्हणजे तुम्ही जिंकलात.

हो बाबा. पावणेअकराची बस. तुम्ही म्हणाल तसं.

इथे तयारी जोरात आहे. या बेटावर गणपती फार कुणी पाहिलेला नाही. आमची गल्ली सगळी कॅथलिक आहे. मादाम सोलांज रोज विचारते, "तुमचा बोंदिये कधी येतो?" बोंदिये म्हणजे इथला देवबाप्पा. मी सांगते, शुक्रवारी, विमानाने. ती म्हणते, "आमचा बिशप बोटीने येतो, तुमचा देव विमानाने? श्रीमंत असला पाहिजे!" तिने स्वतःचा लेसचा मेजपोश दिला आहे. दूर्वा इथे मिळतात, जास्वंद दारातच आहे. मोदकाला नारळ आहे, तांदूळ जयदेवनी आणून ठेवला आहे.

आत्याचे गुडघे कधीपासून दुखायला लागले? मागच्या वर्षी तर ती लालमतीच्या देवळात पायऱ्या चढून आली आणि वर आल्यावर मलाच विचारत होती, "दमलीस काय गं?"

विद्या

*

क्वात्र बॉर्न,
शुक्रवार, १६ सप्टेंबर १९७७, दुपारी एक

चि. विद्यावतीस आशीर्वाद.

हे पत्र मी घरातून लिहितो आहे, यावरून तुला कळलंच असेल. एव्हाना ताईने तुला तिच्या पद्धतीने सगळं सांगितलं असेल. तिच्या पद्धतीत पायरी चुकते, म्हणून मी क्रमाने लिहितो.

पहाटे ग्रां बुआला जाऊन मूर्ती उचलली. देवाच्या तोंडावर रेशमी रुमाल बांधला. शेजारच्या देवराजने टॅक्सी काढली. गाडीत मूर्ती ताईच्या मांडीवर होती, मला सोडायला म्हणून ती आली होती. विमानतळावर आत शिरताना तिने ती माझ्या हातांत दिली. वाटेत कुठे टेकली नाही, टेकू दिली नाही.

खिडकीशी एक तरुण क्रेओल कारकून होता. पिशवी तोलली. सव्वा किलो. मी विजयाने त्याच्याकडे बघितलं. तो अदबीने म्हणाला, "छान, मिस्ये. आता हे हातातलं."

मी म्हटलं, "हा देव आहे, खाली ठेवता येत नाही. याचं वजन चार किलो. बाजारात तोलून आणला आहे."

"मग तुम्ही दोघे बरोबरच या," असं म्हणून त्याने तोलकाट्यावर खुर्ची ठेवली. काटा कसला, पोती तोलायची फळी असते तशी फळी. मला वाटलं काही मानपान असेल. मी देवाला घेऊन बसलो. काटा गेला तो गेलाच. अठ्ठ्याण्णव!

मी म्हटलं, "बिघडला आहे."

"बिघडलेला नाही, मिस्ये. देवाचे चार. उरलेले चौऱ्याण्णव तुमचे."

विद्या, तू "सगळं तोलून घेतात" लिहिलं होतंस. मी "सगळं सामान" असं वाचलं. माणसं तोलतात हे कुठल्या शाळेत शिकवतात?

त्याने शांतपणे समजावलं. म्हणाला, आज वारा समोरून जोरात आहे. तिकडे उतरता आलं नाही तर परत यावं लागेल, म्हणून पेट्रोल जास्त भरलं आहे. पेट्रोल जास्त म्हणून माणसांचं वजन कमी हवं. आज प्रत्येक जागेला ऐंशीच्या वर देता येत नाही. "बोंदियेला जागा आहे, मिस्ये. तुम्हाला नाही."

मी पाचशे अठ्ठ्याण्णव किलोमीटरचा हिशोब त्याला सांगायला लागलो. तोवर रांग वाढली. मागून एक बाई ओरडली, "अय्यो, पापाजी, विमान तुमच्या हिशोबावर उडत नाही, पेट्रोलवर उडतं!" आणि घड्याळात साडेआठ होऊन गेले. मी देवाला मांडीवर घेऊन तोलकाट्यावर बसलेलो. उठता येईना, कारण उठलो की तिकीट गेलं, आणि बसून राहिलो की विमान गेलं. तुझ्या पोरीचं नाव गेलं ते वेगळंच.

तेवढ्यात कठड्यापलीकडून ताईचा आवाज आला. "आख्ख्या क्वात्र बॉर्नच्या कमरा तोंडपाठ! सोताची कंबर कदी मोजली न्हाय मेल्याने! देवाचं पोट कोरून काढलंस, सोताचं राहिलं!"

आख्खा विमानतळ हसला. कारकूनही हसला, आणि त्याने तिच्याकडे बघितलं. "मादाम, तुमचं वजन किती?"

ती म्हणाली, "मला काय ठावं? मला कोन तोलतंय? पन बसते."

तिने चपला काढल्या आणि फळीवर चढली. तिची पावलं बघ, चढताना गुडघा कुरकुरलासुद्धा नाही. माझ्या मांडीवरून देव तिच्याकडे गेला, हातातल्या हातात, मधे फळी नाही की जमीन नाही. मी उतरलो, ती खुर्चीवर बसली आणि काटा त्रेचाळीसवर थांबला. देवासकट त्रेचाळीस!

कारकुनाने माझ्या तिकिटावरचा "मिस्टर" खोडून "मिसेस" केलं, माझं नाव खोडलं आणि विचारलं, "नाव?" ती म्हणाली, "कुंती." तो म्हणाला, "आडनाव?" ती म्हणाली, "हेचंच. हा माजा धाकटा." मी तिची कुंकवाची डबी माझ्या पिशवीत टाकली आणि पिशवी तिच्या खांद्याला लावली. माझं धोतर रॉद्रिगला गेलं, मी इथेच.

विमान आठ पन्नासला उडालं. वीस मिनिटं माझ्यामुळे गेली. दोन तास चार मिनिटं धरली तर दहा चोपन्न. पावणेअकराची बस तर तेव्हाच गेलेली. मग बाराची. विद्या, बाराच्या बसने नवस मोडतो. माझ्या आयुष्यात इतका साधा आणि इतका वाईट हिशोब मी केलेला नाही. मघापासून चार वेळा केला, उत्तर तेच येतं.

ता.क. पत्र पाकिटात घालत होतो तोवर तारवाला आला. "बसले. अकरा पन्नास. नाव ठेवले." देवराजने तार दोनदा वाचून दाखवली, मग तिसऱ्यांदा मीच वाचली. पन्नास कशी झाली ते ताबडतोब कळव. आणि नाव! जयदेवराव, नाव ठेवलं म्हणता आणि नाव लिहीत नाही!

बाबा

*

पोर्ट मॅथुरिन,
१९ सप्टेंबर १९७७

राध्या,

हे मी बोलते आणि विद्या लिवते. तिला सांगितलंय, माजं बोलणं सुधरायचं न्हाय, हाय तसंच लिव.

पयलं म्हंजे, तुजं धोतर मिळालं. जावयानं नेसलं, त्याला लांब होतंय.

आव्यों, म्हंजे ते इमान, आपली लालमतीची बसच बघ. तशीच हादरते, तसाच आवाज, फकस्त रस्ता न्हाय. मी बसले, देव मांडीवर, पट्टा आमा दोघांच्या वरून. आव्यों उडालं. खाली बघितलं तर निस्तं पानी. डोळे मिटले आणि आरती धरली. आपल्या ग्रां बुआच्या सात आरत्या, आपल्या चालीत, सावकाश. पयली संपली तवा शेजारचा गोरा बाबा टाळ्या वाजवायला लागला. तिसरीला मागच्या दोन बाया. त्या कॅथलिक, शब्द ठावं न्हायत, पन ताल सोडला न्हाय त्यांनी. सात संपल्या तरी पानीच. म्हटलं, परत. परत सात. तरी पानी! चार वेळा सातच्या सात झाल्या बघ, आणि चौथ्यांदा शेवटची आरती संपली तवा चाकं खाली टेकली. वैमानिक मागं वळून म्हनाला, "मादाम, आणखी एक!" मी म्हटलं, "तू आदी गाडी थांबव."

आता तुला झोप लागावी म्हनून बसचं सांगते. बस न्हवतीच. विद्यानं तुला "हो बाबा" लिवलं आणि नवऱ्याला पोलिसांची जीप आणायला लावली. तुज्या लेकीचा तुज्या टेपवर इस्वास न्हाय, वाऱ्यावर हाय. जीप आशी पळवली की माजा आंबाडा सुटला, पन देव हलला न्हाय. दारात सगळी गल्ली उभी. मेजपोश घातलेला पाट तयार. जावयानं घड्याळ बघितलं, बाराला धा कमी. बसवला, रुमाल काढला. सगळी पोरं म्हनाली, "आ!" तुजा पाऊण इंच कमी केलेला मुकुट कुनाला कमी दिसला न्हाय, तेवडं तुजं खरं.

मग पोरीला मांडीवर घेतली. मादाम सोलांज म्हनाली, चंद्रिका ठेवा, गोड हाय. मी म्हटलं, चतुर्थीला चंद्राचं नाव काडू नगं! मी वर ढगांच्या वर जाऊन आले. तितं इंद्राचं राज्य. सगळं पांढरं, लखलखीत, पन त्याची बायको काय दिसली न्हाय. म्हंजे ती खाली आलीय, हिच्या रूपानं. इंद्राणी. कानात सांगितलं तर पोरगी हसली. विद्या म्हनते वारा धरला आसेल. मी म्हटलं, वाऱ्याचं तुमी तुमच्या बाबाला सांगा.

दीड दिवसानं मादामच्या भावानं होडी दिली. देव लगूनमदी, म्हंजे खडकाच्या आतल्या उथळ समुद्रात, लांबवर नेऊन सोडला. सगळी गल्ली गुडघाभर पान्यात उभी.

राध्या, आता एक. मी तुला तीन डाव इचारलं होतं, मी जाते म्हनून. तू म्हनलास गुडघे. नवस माजा, हात माजे, माती माजी, आणि तिकीट तुजं? मी गप बसले, कारन मोजणारा तू. देवानं आपला काटा काडला आणि बरोब्बर मोजलं. राग न्हाय. पन लिवून ठेव कुटंतरी.

मी तीस तारखेला येते. माज्या मांडीवर आता देव न्हाय, तवा माप आणखी कमी भरंल.

कुंतीताई

(बाबा, मी एकही शब्द सुधारलेला नाही. विद्या.)

*

क्वात्र बॉर्न,
सोमवार, ३ ऑक्टोबर १९७७

चि. विद्यावतीस आणि चि. इंद्राणीस अनेक आशीर्वाद. नाव लिहायला आज पहिल्यांदा मिळालं, म्हणून दोनदा लिहितो. इंद्राणी.

जीपबद्दल तुला जे बोलायचं ते मी मनात बोललो आणि मनातच मागे घेतलं.

शुक्रवारी ताईला घ्यायला मी प्लेजांसला गेलो. उतरली ती हसतच. मी आधी गुडघे विचारले. ती म्हणाली, "चांगले हायत, तुजे कसे हायत?" मग मी विचारलं, परत येताना गप्प बसलीस ना? म्हणाली, "छे! बाया ओळखीच्या निगाल्या, सोडीनात. सात-सात तीन डाव झाल्या, चौथ्यांदा पयली धरली आणि ती संपतेय तवर प्लेजांस आलं. बाकीच्या सहा राहिल्याच."

मी तिथेच थांबलो. देवराजने टॅक्सीचा भोंगा वाजवला तरी थांबलो. जाताना अठ्ठावीस आरत्या. येताना बावीस. तेच विमान, त्याच बाया, तीच चाल.

काल रविवारी मी घरात दार लावून बसलो, घड्याळ समोर ठेवलं, आणि ग्रां बुआच्या चालीत, ताईच्या लांबणीसकट, सातही आरत्या म्हटल्या. एक मिनिट गाळलं नाही. देवराज खिडकीतून डोकावला आणि बायकोला म्हणाला, "भक्ती लागली बघ माणसाला, वजनाचा धक्का बसला." सात आरत्यांना पस्तीस मिनिटं लागली. खात्री म्हणून पुन्हा म्हटल्या. पस्तीस.

आता तूच कर. जाताना चार पस्तिशी. दोन तास वीस मिनिटं. आठ पन्नास आणि दोन तास वीस, अकरा दहा. प्लेन कोरायहून पोलिसांची जीप चाळीस मिनिटं. अकरा पन्नास! तारेतली पन्नास कुठून आली, ते मला आज कळलं. आणि येताना तीन पस्तिशी आणि एक आरती. एक तास पन्नास. तुझ्या वैमानिकाला सांग, त्याचं बरोबर आहे. त्याच्या एका लिमोनादचे पैसे माझ्याकडून.

अंतराबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे. टेप दोन्ही बाजूंनी सारखीच वाचते. पण टेपला वारा लागत नाही, आणि माणसाला लागतो, हे माझ्या नकाशावर नव्हतं. ताईला म्हटलं, "तुझ्या गळ्याने मी वाऱ्याचा वेग काढला. तासाला चौतीस-पस्तीस किलोमीटर!" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मंग पुढल्या खेपेला दोरा घरी ठेव."

पुढल्या खेपेचं कसं काय, विचारलं. ती म्हणाली, "एकदा बसला तो दर साल बसनार. पोरीनं मोठेपनी काय ऐकायचं, की देव येऊन गेला, परत आला न्हाय?"

मी बाजारातल्या पोती तोलायच्या काट्यावर काल स्वतः उभा राहिलो. ब्याण्णव. चालायला लागलो आहे.

बाबा

*

क्वात्र बॉर्न,
१२ ऑगस्ट १९७८

चि. विद्यावतीस आशीर्वाद. इंद्राणी उभी राहून चालते असं लिहिलंस. फ्रॉकची लांबी म्हणूनच दीड इंच वाढवली आहे. पडली तर गुडघा झाकलेला बरा.

यंदा चतुर्थीलाच सकाळचं विमान आहे. ताईने मूर्ती केली. मी काहीच बोललो नाही, तिने मनाप्रमाणे केली, सोंडेसकट आणि मुकुटासकट. साडेपाच किलो. पोट भरलेलं आहे.

काल तिकीट काढायला गेलो. तोच कारकून होता. त्याने मला ओळखलं आणि बघता बघता तोलकाट्याकडे नजर टाकली. मी आपणहून चढलो. ब्याऐंशी. तो म्हणाला, "अरे वा, मिस्ये! आता वारा नसला तर जमेल. कुणाच्या नावाने काढू?"

मी म्हटलं, "वारा असतो. दोन तास वीस मिनिटं जाताना. मिसेस कुंती. आणि यंदा नीट लिहा, खोडायची वेळ येऊ देऊ नका."

जीप तयार ठेव. मी नाताळात येतो, देवाशिवाय, एकटाच तोलून.

तुझा,
बाबा